डालग्याखालची कोंबडी

भागीबाईला संशय घ्यायला कारण लागत नसे. रेशनच्या दुकानदारानं माप कमी दिलं तर ती भांडायची, आणि भरून दिलं तर घरी येऊन तांदूळ सुपात पसरून बसायची, की आज यानं एवढं भरून दिलं त्याअर्थी यात काहीतरी मिसळलं असणार. दवाखान्याची नर्स गोळ्या वाटायला आली की ती आधी नर्सलाच एक गिळायला लावायची. एवढं असून करंजपाड्यात तिच्या शब्दाला वजन होतं. तिच्या संशयांपैकी एखाददुसरा खरा निघे, आणि लोकांच्या लक्षात नेमका तोच राहत असे.

तेव्हा माघातल्या एका सकाळी वनखात्याची जीप धरणाच्या काठाला थांबली आणि गोणपाटानं झाकलेले दोन पिंजरे होडीकडं निघाले, हे पाहून भागीबाईनं हातातलं धुणं दगडावर तसंच टाकलं यात नवल नव्हतं. ती थेट पिंजऱ्याच्या आडवी जाऊन उभी राहिली.

"काय हाय ह्याच्यात?"

"रानमांजरं आहेत, मावशी," मोहिनी म्हणाली. मोहिनी या भागाची वनरक्षक. सिन्नरकडची पोर, अंगावर खाकी, पायात बूट. एवढ्या लांब रानात एकटी नोकरी करते म्हणजे घरी काहीतरी भानगड असणार, हे भागीबाईचं तिच्याबद्दलचं पहिल्या दिवसापासूनचं मत.

"उघड."

"घाबरतील."

"म्या नाय घाबरत."

"तुम्ही नाही हो, ती घाबरतील."

पण भागीबाई वाटेतून हलेना, तेव्हा मोहिनीनं गोणपाटाचा कोपरा वर केला. आत पिवळसर राखी रंगाचं एक जनावर अंग चोरून बसलं होतं. पाय लांब, शेपटीला काळी कडी, कानांच्या टोकाला काळे केस. ते भागीबाईवर फिस्कारलं.

"मांजराचे पाय एवढे लांब असत्यात व्हय?"

"रानमांजराचे असतात."

"कुठून आनलं?"

"निफाडकडून. ऊसतोडीत पिल्लं सापडली, त्यांची आई परत आलीच नाही. नाशिकला वाढवली आणि आता इथं डोंगरीवर सोडतोय."

झालं. निफाडच्या उसात कशाची पिल्लं सापडतात हे सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. संध्याकाळपर्यंत करंजपाड्यात घरोघरी बातमी पोचली, की बागाईतदारांना नको झालेले बिबटे सरकारनं आपल्या देवाच्या डोक्यावर आणून सोडले. मोठे होईपर्यंत त्यांना मांजर म्हणायचं, एवढाच काय तो डाव.

डोंगरी म्हणजे धरणाच्या पाण्यात मधोमध उभं असलेलं बेट. भागीबाई नवी सून होऊन आली तेव्हा तो नुसता डोंगर होता आणि त्याच्या माथ्याच्या थोडं खाली शेंदूर फासलेला वाघोबाचा दगड होता. मग धरण झालं, पाणी चढलं, भाताची खाचरं गेली. पाड्यानं आपली घरं वर हलवली आणि देव पाण्यापलीकडं एकटा राहिला. देवाचं रान म्हणून तिथं कुणी कोयता लावत नाही. ऐन, हिरडा, जांभूळ असं सगळं दाटून आलंय, आणि खाली करवीची झुडपं इतकी माजलीत की दगडापर्यंतची पायवाट दरसाल नव्यानं काढावी लागते.

ती वाट काढायची ती वाघबारशीसाठी. दिवाळीच्या तोंडावर, ज्याचा नवस असेल तो कोंबडी घेऊन होडीतून डोंगरीवर जातो. कोंबडी कापायची नाही. तिच्या पायात लाल दोरा बांधायचा, दगडापुढं ओंजळभर नागलीचे दाणे टाकायचे, कोंबडी सोडायची आणि मागं न बघता परत फिरायचं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता भगत एकटाच जाऊन बघून येतो. कोंबडी दिसली नाही तर देवानं घेतली, नवस पोचला. दिसली तर नाही पोचला. भगत म्हणजे हिरामण, त्याच्या आधी त्याचा बाप. आणि पाणी आलं त्या सालचा अपवाद सोडला तर दरसाल काठावर ताटकळलेल्या माणसांना भगतानं होडीतूनच हात वर करून सांगितलेलं आहे, "घेतली".

भागीबाईचं घोडं अडलं होतं ते इथंच.

तिची एकुलती एक लेक आशा. जावई सिन्नरला कारखान्यात कामाला, माणूस चांगला, म्हणजे निदान अजून त्याचं काही सापडलं नव्हतं. आशाचं पहिलं पोर पाचव्या महिन्यात गेलं. दुसरं पुऱ्या दिवसांचं झालं, पण रडलंच नाही. दोन्ही वेळा भागीबाईनं वाघोबाला कोंबडी दिली होती, आणि दोन्ही वेळा हिरामणानं हात वर केला होता. दुसऱ्या कुणी देवाला बोल लावला असता, नशिबाला लावला असता, पोरीला तर लावलाच असता. भागीबाईनं तिघांनाही मोकळं सोडलं. देव कोंबडी घेईल आणि पोर देणार नाही, असं व्हायचंच नाही. म्हणजे कोंबडी त्याच्यापर्यंत पोचलीच नसणार. मधल्या मधे कुणीतरी ती लांबवली असणार.

हे मनात ठेवून गप्प राहिली असती तर ती भागीबाई कसली. तिनं ते आशालाही सांगितलं, एकदा नाही, येता-जाता सांगितलं. "घेतली म्हनून कुनी बी सांगंल. जे आपल्या डोळ्यानं बगितलं नाय ते मानायचं नाय." लेकीला धीर यावा म्हणूनच ती हे सांगत होती. दोष तुझा नाही, देवाचा नाही, चोराचा आहे, एवढंच तिला म्हणायचं होतं. आशानं त्यातलं भलतंच उचललं. तिचा सगळ्यावरूनच विश्वास उडाला.

पिंजरे डोंगरीवर गेले त्याच आठवड्यात मोहिनीनं शाळेच्या ओट्यावर लोकांना बोलावलं. नाशिकहून आणलेले पाखरांचे मोठे फोटो तिनं भिंतीला लावले. त्यात नवरंग होता. पोट तांबडं, पंख हिरवेनिळे, आणि पावसाच्या आधी झाडीत शीळ घालतो म्हणून सगळ्यांच्या ओळखीचा.

"हा जमिनीलगत घरटं करतो," मोहिनी म्हणाली. "डोंगरीवर दरसाल घरटी होतात, पण पिल्लं मोठीच होत नाहीत. उंदीर-घुशी अंडी खातात, पिल्लंही खातात. पूर्वी त्यांना खायला रानमांजरं होती. पाणी आलं, ती संपली, आणि उंदरांना रान मोकळं झालं. म्हणून मांजरं परत आणलीत."

"पाखरं वाचवायला मांजर," भागीबाई लोकांकडं बघून म्हणाली, आणि ओट्यावर मोठा हशा पिकला.

"मांजर पाखरू नाय खानार व्हय?" कुणीतरी विचारलं.

"खाईल की. एखादं खाईल. उंदीर घरट्यामागून घरटं रिकामं करतात. आणि मांजर डोंगरीवर नवं नाही. तुमच्या म्हाताऱ्यांनी बघितलेलंय."

मग मोहिनीनं सांगितलं, की देवापुढं नागली टाकू नका, उंदरांचं त्याच्यावर फावतं. तिथं मात्र हशा थांबला. देवाच्या नागलीत सरकारनं पडायचं काम नव्हतं. मांजरांनी देवाच्या कोंबड्यांना तोंड लावलं तर औषध घालू, असं दोघंतिघं उघड बोलले. मोहिनीचा चेहरा उतरला. ती म्हणाली, झाडांवर कॅमेरे लावलेत, काय होतं ते दिसेलच.

इतका वेळ खांबाला टेकून गप्प बसलेला हिरामण तेव्हा बोलला. "क्यामेरे देवापाशी बी लावले का?"

"नाही, तिथं नाही लावले. देवाचा मान आहे."

हिरामणानं उपरण्यानं तोंड पुसलं. माघातल्या थंडीत माणसाला घाम का यावा, हा प्रश्न त्या ओट्यावर एकटीलाच पडला, आणि ती कोण हे सांगायला नको. भागीबाईच्या संशयाची सुई त्या क्षणी वनखात्यावरून भगताकडं वळली. वनखात्याला तिनं पूर्ण सोडलं असं मात्र नाही.

उन्हाळा सरता सरता डोंगरीवर नवरंग बोलायला लागले. दरसाल बोलत, पण यंदा आवाज दाट होता. पाण्यावरून पहाटे पाड्यापर्यंत ऐकू येई. पाऊस लागला तरी थांबेनात. मोहिनी भिजत भिजत होडीतून यायची आणि भेटेल त्याला सांगायची, की अमुक घरट्यातून पिल्लं उडाली, तमुक घरट्यातून उडाली. भागीबाई तिला म्हणाली, "मोबाईलवर वाजवीत असचील." मोहिनी हसली. भागीबाई हसली नाही, ती खरंच विचारत होती.

गणपती उठले आणि आशा बाळंतपणाला माहेरी आली. भागीबाईनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. पोट पुढं आलेलं, पण हातपाय काडीसारखे. पोरगी खातच नव्हती. ताट पुढं घेऊन बसायची, घास मोडायची, पाणी प्यायची आणि उठायची. बाळासाठी एक टोपडं शिवलेलं नव्हतं. घोटीच्या डॉक्टरीणबाई चिडून म्हणाल्या, "बाळ ठीक आहे, पण आईच्या अंगात काही नाही. अशीच उपाशी राहिली तर याचंही काही खरं नाही. हिच्या डोक्यातली भीती आधी काढा."

भीती काढायला भागीबाईला एकच औषध माहीत होतं.

"आशा, औंदा म्या स्वता नजर ठेवीन. औंदा कोंबडी देवालाच पोचंल."

"नको आये, नवस नको," आशा म्हणाली. "दोन खेपेला तो हात वर करून आला. दोन खेपेला मी मानलं. पोर पोटात मेलं त्यापेक्षा ते मानलं त्याचं जास्त लागतंय मला." एवढं बोलून ती भिंतीकडं तोंड करून निजली. भागीबाई दिवाळीपर्यंत तिच्या पाठीकडं बघून दिवस काढत राहिली.

वाघबारशीच्या आदल्या दिवशी तिनं मोहिनीला रस्त्यात गाठलं. "खरं सांग. कोंबडी सोडली तर तुझं मांजर घेईल का?"

मोहिनीला खोटं बोलता आलं असतं. "घेईल, मावशी," ती म्हणाली. "पण म्हणून औषध घालू नका. तुमच्या पाया पडते."

म्हणजे एकीकडं भगत टपलेला, दुसरीकडं सरकारी मांजर. या दोघांच्या मधून कोंबडी देवापर्यंत न्यायची होती. भागीबाईनं रात्रभर डोकं चालवलं, आणि तिला जे सुचलं ते तिच्याशिवाय सगळ्या डांगी मुलखात कुणाला सुचलं नसतं.

बारशीला पाड्यातल्या नवसाच्या कोंबड्या होडीतून डोंगरीवर गेल्या. सगळ्यांनी दोरे बांधले, नागली टाकली, कोंबड्या सोडल्या. भागीबाईनं आपली कोंबडी दगडापुढं ठेवली, तिच्यावर घरून आणलेलं बांबूचं डालगं पालथं घातलं, घरी रोज संध्याकाळी कोंबड्या झाकतात तसं, आणि डालग्यावर दोन्ही हातांनी उचलून एक धोंडा ठेवला.

"वैनी, हे काय?" हिरामण म्हणाला.

"देवाला कोंबडी पायजे असंल तं तो धोंडा उचलंल. चोराला नाय उचलायची छाती."

लोकांना ते पटलं. एकदोघांना तर आपणही डालगं आणायला हवं होतं असं वाटलं. हिरामण होडीकडं वळला.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताना तो काठावर आला तेव्हा भागीबाई होडीत बसलेली होती.

"भगतानं एकट्यानं जायचं असतं, वैनी."

"तू जा की. म्या नुसती बसते."

हिरामण थोडा वेळ पाण्यात पाय घालून उभा राहिला. मग होडीत चढला आणि वल्हवायला लागला. पाण्यावर धुकं होतं. बरंच आत गेल्यावर त्यानं वल्हं थांबवलं.

"काय पायजे तुला?"

"माझ्या दोन कोंबड्या."

धुक्यात होडी आपोआप हळूहळू पुरती फिरली. हिरामणाचं तोंड डोंगरीकडं होतं ते पाड्याकडं झालं.

"म्या नेल्या," तो म्हणाला.

दोन वर्षं भागीबाईनं या माणसासाठी शिव्या गोळा केल्या होत्या. आता त्यातली एकही तोंडात येईना. "खाल्ल्यास?" एवढंच तिनं विचारलं.

"देवाची कोंबडी कोन खातंय. पल्याड आश्रमशाळेच्या आवारात सोडल्या, दोरा कापून. सगळ्यांच्याच तिथं सोडतो. बाप बी सोडायचा."

मग तो सांगत गेला. पाणी आलं त्या पहिल्या साली त्याचा बाप डोंगरीवर गेला तर सगळ्या कोंबड्या तशाच, नागली टिपत फिरताहेत. खाणारं जनावर उरलंच नव्हतं. काही पाण्यानं गेली होती, काही लोकांनीच मारली होती. बापानं काठावर येऊन खरं ते सांगितलं, की देवानं घेतली नाही. त्यात सहादूच्या आईचा नवस होता. तरणाताठा सहादू तेव्हा तापानं फणफणलेला. ते ऐकलं आणि म्हातारीनं अन्न सोडलं.

"सहादू बरा झाला वैनी. म्हातारी गेली. पोरगं मरनारच म्हनून तिनं हाय खाल्ली. तवापासनं बाप पहाटे जायचा, कोंबड्या धरायचा आन् येऊन हात वर करायचा. मंग मला शिकवलं. म्हातारी त्यापायी गेली हे सहादूला अजून ठाव नाय."

"माझ्या कोंबड्या?"

"पयली मेली. दुसरी हाय. औंदा तिनं पिल्लं काढली."

हे मात्र भागीबाईला सहन झालं नाही. पोरासाठी दिलेली कोंबडी तिकडं पिल्लं घेऊन हिंडतेय आणि तिच्या लेकीची कूस रिकामी राहिली. ती पदर तोंडात धरून रडली. तिला हिरामणाचा राग होता, त्याच्या बापाचा होता, देवाचाही होता, आणि या सगळ्याहून मोठा राग आपला तर्क खरा निघाला याचा होता. तो खोटा निघाला असता तर तिला आवडलं असतं.

"चल," ती शेवटी म्हणाली. "बगू तं दे."

दगडापाशी पोचल्यावर आधी हिरामणच थांबला. दरसाल रात्रीतून उंदीर सगळी नागली संपवत. यंदा ती टाकली तशीच बरीचशी पडली होती. आणि कोंबड्या नव्हत्या. जांभळीच्या बुडाशी पिसं होती, करवीत पिसं होती. तो इकडं तिकडं फिरला, पुन्हा पुन्हा वाकून बघितलं, आणि मग दगडापुढं मटकन खाली बसला.

"घेतल्या वैनी," तो म्हणाला. "बापाच्या टायमापासनं पयल्यांदा खरंच घेतल्या." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

एकच कोंबडी शिल्लक होती. डालगं जागच्या जागी, धोंडा जागच्या जागी, आणि आत ती कुरकुरत होती. डालग्याभोवतीची माती नखांनी उकरलेली होती. एका बाजूच्या दोन कामट्या मोडल्या होत्या. जो कोणी आला होता तो बराच वेळ इथं खटपट करून गेला होता, आणि भागीबाईच्या धोंड्यापुढं त्याचं काही चाललं नव्हतं.

भागीबाई ते बघत उभी राहिली. चोर येऊ नये म्हणून लावलेल्या दाराबाहेर तिनं रात्रभर कुणाला उभं केलं होतं, ते तिला कळलं. सगळ्या पाड्याचं त्यानं घेतलं होतं, आणि आशाचं तेवढं राहिलं होतं.

"काठावर काय सांगू?" हिरामणानं हळू विचारलं. "म्हनशील तं हिला बी पल्याड सोडून येतो."

"नको."

तिनं धोंडा उतरवला, डालगं उचलून बाजूला ठेवलं. कोंबडी अंग झाडून बाहेर आली, दोन पावलं चालली आणि नागली टिपायला लागली. ती दोघं मागं सरकून ऐनाच्या खोडाशी बसली. काही होईना. कोंबडी निवांत खात होती. भागीबाईनं जन्मात कुणाची अशी वाट बघितली नव्हती, आणि यायचं असेल तर ये, असं हात मोकळे सोडून तर कधीच नाही.

मग करवीच्या वरच्या अंगाला बुलबुल कालवा करायला लागले. त्यांचा आवाज झाडाझाडातून खाली सरकत आला आणि दगडाजवळ येऊन थांबला. करवीतून ते जनावर बाहेर पडलं. लांब पाय, कानांना काळी टोकं. त्यानं भागीबाईकडं एकदा बघितलं, जराही घाई न करता पुढं आलं, आणि मग एकदम झेपावलं. कोंबडीला ओरडायलाही सवड मिळाली नाही. मानेला धरून ते आलं त्या वाटेनं निघून गेलं, आणि बुलबुलांचा कालवाही त्याच्यामागं चढणीला लागला.

"मांजरच हाय," भागीबाई म्हणाली. नऊ महिने तिनं त्याला बिबट्या म्हटलं होतं.

"वाघोबाचं हाय," हिरामण म्हणाला. "औषध घालनाऱ्याला म्या बगतो आता."

परत निघताना भागीबाईनं मोडकं डालगं होडीत घेतलं. काठावर सगळा पाडा उभा होता. हिरामणानं हात वर केला आणि तो ओरडला, "घेतली. सगळ्यांची घेतली." लोकांनी हात जोडले. म्हातारा सहादू सगळ्यांत पुढं होता. यंदा त्याचा नातवासाठी नवस होता, आणि तो लहान पोरासारखा हसत होता.

आशा मागं उंबराखाली कमरेवर हात ठेवून उभी होती. भागीबाई जवळजवळ पळतच तिच्यापाशी गेली.

"घेतली, आशा. म्या बगितली. ह्या डोळ्यांनी."

आशानं आईकडं बघितलं, मग होडी ओढून घेणाऱ्या हिरामणाकडं. त्याचे डोळे रडून लाल झाले होते.

"डालग्यावर धोंडा ठेवला होतास ना?"

"व्हय."

"मग घेतली कशी?"

"म्या काढला धोंडा."

"का?"

भागीबाईनं तोंड उघडलं. का ते सांगायचं तर होडीतलं सगळं सांगावं लागणार होतं. सहादू तिच्यामागोमाग येऊन हाताच्या अंतरावर उभा होता. तिनं त्याच्या हसऱ्या तोंडाकडं बघितलं.

"काढला असाच," ती म्हणाली. स्वतःच्या कानालाही ते खोटं वाटलं.

आशानं पदर सावरला. तिनं आईचा हात धरला आणि दोघी चढ चढून घराकडं निघाल्या. निम्म्या वाटेत आशाचे खांदे हलायला लागले. भागीबाई घाबरली, पण पोरगी रडत नव्हती, हसत होती.

"आये, होडीत बसून ठरवलं ना तुम्ही दोघांनी?"

"काय ठरवलं?"

"हेच, मला काय सांगायचं ते. तू आणि हिरामणकाका. दोन वर्षं तू त्याला चोर म्हनतीस, आणि आज त्याच्याच होडीत बसून आलीस." आशानं डोळे पुसले. "कुनाला बरं वाटावं म्हनून तू जल्मात खोटं बोलली नाहीस, आये. मला ताप असला तरी तोंडावर सांगायचीस, जास्त हाय म्हनून. आज माझ्यासाठी बोललीस."

भागीबाई थांबली. घरी नेऊन दार लावून सगळं सांगता आलं असतं. मोहिनीला साक्षीला उभं करता आलं असतं. पाहिजे तर मोडलेल्या कामट्या दाखवता आल्या असत्या. या वेळी खरंच घेतली होती, आणि बघणारी ती स्वतः होती. तिला ते ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण समोर लेकीचा चेहरा होता. किती महिन्यांनी तो असा सैल पडला होता. देवावर नाही, भगतावर नाही, आपल्या आईवर तिनं विश्वास टाकला होता, तोही आई खोटं बोलली म्हणून.

"व्हय," भागीबाई म्हणाली. "ठरवलं."

तिला फार वाईट वाटलं, आणि फार बरंही वाटलं.

घरी आल्यावर आशा चुलीपाशी पाट ओढून बसली आणि म्हणाली, भूक लागलीय. भागीबाईनं तवा ठेवला. तिचं लक्ष लेकीकडं होतं, त्यामुळं पहिली भाकरी एका बाजूनं करपली. आशानं ती तशीच ताटात घेतली, चटणी लावून सगळी खाल्ली आणि ताट पुन्हा पुढं केलं. भागीबाईनं दुसरी थापायला घेतली.